शरद ऋतूचा गेटपास

आमच्या भागात शरद ऋतूत झाडांची पानं गळत नाहीत. ही गोष्ट शाळेत शिकवतात. मीही शिकलो होतो आणि तिचे मार्कही घेतले होते. तरीसुद्धा ऐन ऑक्टोबरच्या उन्हात, हातात कापडी पिशवी घेऊन, मी चिंचवडच्या रस्त्यांवर वाळलेली पानं शोधत हिंडत होतो. एका रिक्षावाल्याने थांबून विचारलं, "काका, काय हरवलंय?" मी म्हटलं, "पानगळ." त्याने माझ्याकडे जरा नीट बघितलं आणि भाडं न विचारताच निघून गेला.

पण हे मी मधूनच सांगायला लागलो. सुरुवात झाली ती विजयश्रीताईंच्या फोनने.

विजयश्रीताई म्हणजे माझ्या बायकोची, मृदुलाची, थोरली बहीण. राहणार कोथरूड. आता कोथरूड हा इतरांसाठी पत्ता असेल, ताईंसाठी ते मत आहे. आम्ही लग्न झाल्यापासून चिंचवडला राहतो, पण ताईंच्या हिशेबी आम्ही 'तिकडे' राहतो. "तिकडे रोज पाणी येतं का गं?" "तिकडे बरी भाजी मिळते का?" एकदा आमच्याकडे येताना त्या नाकाला रुमाल बांधून आल्या होत्या. का, तर तिकडे कारखाने ना! आमच्या घरापासून सगळ्यात जवळचा कारखाना म्हणजे कोपऱ्यावरची पिठाची गिरणी, हे मी त्यांना सांगणार होतो. पण मृदुलाने डोळ्यांनीच मला गप्प केलं.

दर नवरात्रात बहिणींचा आणि मैत्रिणींचा भोंडला ताईंकडेच व्हायचा. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत ओळखायची. प्रत्येकीने झाकलेल्या डब्यात काहीतरी करून न्यायचं, आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. बाकीच्या ओळखायच्या आत ताईच ओळखायच्या. डबा कानाशी धरून हलवायच्या, डॉक्टर छाती तपासतात तसा चेहरा करायच्या आणि निकाल सांगायच्या. मृदुलाच्या डब्याला तर तेवढीही मेहनत घ्यायच्या नाहीत. "मृदुलाचा ना? मग नारळाची वडीच असणार." आणि दुर्दैवाने ती वडीच असायची. ज्या वर्षी मृदुलाने मुद्दाम चकली नेली, त्या वर्षी ताई म्हणाल्या, "यंदा मला फसवायला काहीतरी तळलेलं आणलंस, हो ना? चकली." त्या दिवशी मृदुला मेट्रोने परत आली आणि घरी आल्यावर बराच वेळ चपलासुद्धा न काढता बसून राहिली.

यंदा ताईंची इमारत पुनर्विकासाला गेली. पाडली, खड्डा खणला आणि ताई दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेत आल्या. तिथे हत्ती काढला तर फेर जिन्यात धरावा लागेल, अशी परिस्थिती. म्हणून फोन आला. मृदुलाने तो ऐकला, ठेवला आणि कणीक मळायला घेतली. कणकेचा काहीही अपराध नव्हता.

"काय म्हणाल्या ताई?"

"यंदा भोंडला तुझ्याकडे करू म्हणाली."

"अरे वा! मग झालं की."

"नाइलाज आहे, असं म्हणाली."

 मृदुला कणीक बाजूला ठेवून म्हणाली, "हे बघा, मला दोनच गोष्टी हव्यात. माझं घर बघून तिने नाक मुरडायचं नाही. आणि माझी खिरापत तिला ओळखता येता कामा नये. बस्स. आयुष्यात एकदा. खिरापतीचं मी बघते."

"आणि घराचं मी बघतो," मी म्हणालो.

गीझर मी स्वतः दुरुस्त करतो असं म्हणालो होतो तेव्हा तिचा चेहरा जसा झाला होता, तसाच आताही झाला. पण तिने विरोध केला नाही. हा तिचा मोठेपणा.

मी चाकणच्या एका कंपनीत गुणवत्ता विभागात आहे. गाड्यांच्या ब्रेकच्या नळ्या आम्ही तपासतो. त्यामुळे कुठलंही काम आधी तत्त्व ठरवून मगच करायचं, अशी मला सवय आहे. तत्त्व असं ठरवलं की सजावट शरद ऋतूची आणि पूर्णपणे शाश्वत. थर्माकोल नाही, प्लॅस्टिकची फुलं नाहीत, झगमग माळा नाहीत, एकही नवी वस्तू विकत आणायची नाही. निसर्गाने दिलेलं दारात मांडायचं आणि नंतर निसर्गालाच परत करायचं. फोनवर एका परदेशी बाईंचा व्हिडिओ बघितला होता. त्यांनी दारात लालपिवळ्या पानांचा ढीग, भोपळे आणि मक्याची ताटं अशी काही मांडणी केली होती की मी तो तीनदा बघितला. आपल्याकडे काय कमी आहे, असं मला वाटलं. पानं कमी होती, हे वर सांगितलंच.

आमच्या समोरच्या दारात बुद्धरत्न राहतात. भोसरीच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहेत. शांत माणूस. कुठलीही वस्तू दाखवली की पहिला प्रश्न "लोड किती?" माझी रिकामी पिशवी बघून म्हणाले, "सर, पानं फेब्रुवारी-मार्चमध्ये पडतात."

"ते आता माझ्याही लक्षात आलंय."

"मग भोंडला मार्चमध्ये घेता येईल का?"

ते थट्टा करत होते की सूचना, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नाही.

पानं वगळून उरलेल्या शरद ऋतूसाठी मी यशवंतरावांकडे गेलो. यशवंतराव आमच्याच कंपनीत स्टोअरला आहेत. चाकणजवळच्या एका गावातलं जुनं घराणं. अर्ध्या जमिनीवर कारखान्यांच्या शेड उभ्या राहिल्या, उरलेल्या अर्ध्यात ते अजून शेती करतात. नोकरी करतात ती दिवस जावा म्हणून. आमच्या मॅनेजरपेक्षा त्यांची गाडी मोठी आहे, म्हणून मॅनेजर आपली गाडी लांब लावतो.

"डांगार हाय. मक्याची ताटं हायत कणसासकट, बाजरीची कणसं हायत," यशवंतराव म्हणाले. "किती ट्रॅक्टर पायजे?"

"ट्रॅक्टर नको हो. दारापुरतं."

"दारापुरतं व्हय? आमी आपलं म्हनलं काय कार्य हाय. उद्या आनतो की."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या त्या गाडीतून सगळं कंपनीच्या पार्किंगमध्ये आलं. डांगर म्हणजे लाल भोपळा, पण असा की दोन्ही हातांनी कवेत घ्यावा लागे. संध्याकाळी मी ते उचललं, ताटांचा भारा खांद्यावर टाकला आणि गेटवर गेलो. सिक्युरिटी सुपरवायझरने हात आडवा केला.

"साहेब, हे काय?"

"डांगर."

"गेटपास?"

"अहो, कंपनीचा माल नाही हा. यशवंतरावांच्या शेतातला आहे."

"मग आवक नोंद दाखवा."

"ती त्यांनी केली नाही."

"म्हणजे माल आत आलेला नाही."

"तुमच्या समोर आहे की तो!"

"दिसतोय साहेब. पण आलेला नाही. जो आलेलाच नाही, तो मी बाहेर कसा सोडू?"

मी चिडलो. असला अडाणी नियम कुणी काढला, असं मी जरा मोठ्यानेच विचारलं. सुपरवायझरने भिंतीवर लावलेल्या कागदाकडे अदबीने बोट दाखवलं. खाली माझी सही होती. गेल्या वर्षी सुधारणा सप्ताहात मला त्या नियमासाठी एक थर्मास मिळाला होता.

मग पुढची चौकशी सुरू झाली. माल परत येणार का? नाही. मग भंगार का? भंगार नाही हो! परत येणार नाही आणि भंगारही नाही, म्हणजे विक्री. मग बिल कुठे आहे? एव्हाना गेटवर बस हॉर्न देत होती आणि खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती. शेवटी सुपरवायझरनेच वाट काढली. माल 'तपासणीचा नमुना' म्हणून बाहेर सोडता येईल, पण तपासल्याची गुणवत्ता विभागाची सही पाहिजे. गुणवत्ता विभाग म्हणजे मीच. डांगर एका हाताने पोटाशी धरून मी दुसऱ्या हाताने लिहिलं, 'आकार गोल. पृष्ठभाग खडबडीत, परंतु स्वीकारार्ह.' खाली सही केली.

बसमध्ये डांगर मांडीवर घेऊन बसलो. तळेगाव चौकात नेहमीप्रमाणे वाहतूक तुंबली आणि नेहमीप्रमाणे हललीच नाही. अशा वेळी लोक एरवी झोपतात. त्या दिवशी कुणी झोपलं नाही. डांगराचं काय करावं यावर संपूर्ण बस बोलत होती. घारगे करा, भाजी करा, भरीत करा, थालीपीठ करा. सजावट करणार आहे असं मी सांगितलं, तेव्हा मात्र सगळे गप्प झाले. मागच्या सीटवरचा प्रेस शॉपचा पोरगा हळूच शेजाऱ्याला म्हणाला, "वहिनी माहेरी गेल्या असतील." उतरलो तेव्हा भाऱ्यातली चार कणसं कमी झाली होती.

आमच्या कंपनीला सुट्टी गुरुवारची. भोंडला रविवारचा. त्यामुळे गुरुवारी मी आणि बुद्धरत्न कामाला लागलो. त्यांनी रजा काढली होती. माझ्यावरच्या प्रेमापोटी नाही, तर मी भिंतीला ड्रिल मारीन या भीतीने. कंपनीतल्या पॅकिंगच्या जुन्या फळ्या त्यांच्याकडे होत्याच. खिळा न मारता, भिंतीला न टेकवता त्यांनी त्यांची अशी चौकट उभी केली की मी हात लावून हलवून बघितली तर मीच हललो. चौकटीच्या दोन्ही बाजूंना मक्याची ताटं उभी केली. वर बाजरीच्या कणसांच्या जुड्या लटकवल्या, मध्ये उंबऱ्याशी डांगर. बुद्धरत्नांच्या पत्नी, आम्रपालीवहिनी, बँकेतून आल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई! भाऊजी, छान दिसतंय हो!" मृदुला आली, तिने बराच वेळ सगळीकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं दिसतंय." माझ्या संसारातला हा सर्वोच्च शेरा आहे. याच्या वर गुण नाहीत.

त्या रात्री मी समाधानाने झोपलो. शुक्रवारी सकाळी कबुतरं आली.

बाजरीची बातमी त्यांना कशी लागली, माहीत नाही. जिन्याच्या जाळीतून आत शिरून ती ओळीने बसली होती, अगदी पंगतीला बसतात तशी. त्यांना हाकललं तोवर मुंग्या आल्या. ताटांच्या बुंध्यातून निघालेली लाल मुंग्यांची रांग आमच्या दाराशी येऊन विचार करत थांबली होती. मग सल्ले सुरू झाले. खालच्या मजल्यावरच्यांनी हळदीची रेघ ओढायला सांगितली. वरच्यांनी कापूर सांगितला. एका आजोबांनी मुंग्यांशी बोलावं असं सुचवलं, त्यांना त्याचा अनुभव होता म्हणे. मी हळदीची रेघ ओढली. मुंग्या रेघेच्या त्या बाजूला राहिल्या. आणि मी निश्चिंत झालो, हेच माझं चुकलं.

संध्याकाळी मी कामावरून येतो तोच साहेबराव आले. साहेबराव आमच्या इंद्रायणी हाइट्सचे सेक्रेटरी. आमच्या इमारतीच्या मागून पवना वाहते, पण नाव इंद्रायणी, कारण बिल्डर बाहेरचा होता. असो. साहेबरावांची सगळी नोकरी पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात गेली. चांगला माल एकीकडे, भंगार दुसरीकडे. निवृत्तीनंतर त्यांना सोसायटी मिळाली आणि ते तेच काम पुढे करताहेत.

"मधुसूदनराव, हा काडीकचरा पॅसेजमध्ये?"

"कचरा नाही. सजावट आहे. शाश्वत."

"ते असंल. आगीचा नियम हाय. सामायिक जागेत वस्तू ठेवायची तर अर्ज पायजे."

मी अर्ज दिला. कारण, कालावधी, वस्तूंचं वर्णन. डांगराचं वर्णन आता मला पाठच होतं. साहेबरावांनी तो दोनदा वाचला आणि सोमवारपर्यंतची परवानगी दिली. मी त्यांचे आभार मानले. इतकं सगळं रीतसर झालं होतं.

शनिवारी दिसलं की मक्याची आणखी कणसं गेली आहेत आणि डांगरावर कुणीतरी खडूने डोळे आणि मिशा काढल्या आहेत. मिशा माझ्यासारख्या होत्या. सजावटीला हात लावू नये, अशा पाट्या लावणं भाग होतं. पण नवा पुठ्ठा आणणार नाही, हे तत्त्व ठरलेलं. तेव्हा मला आठवण झाली की कंपनीने बोधचिन्ह बदललं तेव्हा जुने टॅग टाकून दिले होते आणि त्यातला एक गठ्ठा मी घरी आणला होता, मागची बाजू कोरी म्हणून. दोऱ्यासकट टॅग, फुकट आणि टाकाऊतून टिकाऊ. सगळे लाल होते. मी प्रत्येकाच्या मागे सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सजावट. हात लावू नये.' आणि एकेक टॅग ताटांना, जुड्यांना आणि डांगराच्या देठाला बांधला.

बुद्धरत्न कामावरून आले आणि थबकले.

"सर, लाल?"

"मागची बाजू वाचायची."

"लाल टॅग कोण वाचतं, सर?"

कारखान्यात लाल टॅग म्हणजे नापास माल. हिरवा म्हणजे पास. हे आमच्या भागात लहान पोरालाही माहीत असतं, आणि मी तर आयुष्यभर तेच टॅग बांधतोय. पण त्या क्षणी मी कारखान्याचा माणूस नव्हतो, मी कलावंत होतो. मी म्हणालो, "घरात कोण टॅग बघून उचलतं, राव?" बुद्धरत्न आपल्या घराकडे वळले. दार लावताना त्यांनी एकदा मागे वळून बघितलं एवढंच.

रविवारी मी अर्धा दिवस कामावर गेलो. मृदुला सकाळीच उठून खिरापत करून, डबा ओट्यावर झाकून, गावठाणात मैत्रिणीकडे पाट आणायला गेली होती. डब्यात काय आहे, हे तिने मलासुद्धा सांगितलं नव्हतं. हलवला तरी आवाज येणार नाही असं काहीतरी केलंय, इतकंच म्हणाली होती, आणि हे सांगताना ती लहान मुलीसारखी हसली होती.

दुपारी मी आलो. लिफ्टचं दार उघडलं आणि मला वाटलं आपण चुकीच्या मजल्यावर उतरलो. पॅसेज स्वच्छ. फिनेलचा वास. भिंत, फरशी, दोन दारं, बाकी काही नाही. मध्ये साहेबराव हात मागे बांधून उभे होते.

"झालं बघा लख्ख!" ते म्हणाले.

"माझी सजावट?"

"तुमीच टॅग लावले की. म्हनलं मधुसूदनरावांना उशिरा का होईना अक्कल आली, सगळा माल स्वतःहून नापास केला. पन उचलायचं कुनी? म्हनून मीच मानसं लावली."

"साहेबराव, मागे लिहिलं होतं! सजावट, हात लावू नये!"

साहेबराव माझ्याकडे फार करुणेने बघत म्हणाले, "लाल टॅग वाचायचा नसतो, राव. उचलायचा असतो. तुमी क्वालिटीवाले ना?"

 ताटं सोसायटीच्या खत करायच्या मशीनमध्ये गेली होती. निसर्गाचं निसर्गाला परत झालं होतं, फक्त कार्यक्रमाच्या आधी. "पन वापरन्याजोगा माल मी भंगारात जाऊ देत न्हाई," साहेबराव म्हणाले. "डांगार, फळ्या आनि कनसं हापिसात ठेवलीत. डांगार उतरवताना पडलं, दोन तुकडे झाले. नेताय तर सही करा." मी सही केली. फुटलेल्या डांगराचे दोन तुकडे दोन काखांत आणि कणसांची पिशवी हातात घेऊन मी घरात शिरलो.

मृदुला स्वयंपाकघरात उभी होती. पाट भिंतीला टेकवलेला. ओट्यावर डबा उघडा, आणि डब्यात मुंग्या. पॅसेजमधलं त्यांचं घर अचानक मोडलं, फिनेलने हळदीची रेघही पुसली गेली, आणि त्या सहकुटुंब आत आल्या होत्या. डब्यात अंजिराच्या वड्या होत्या हे मला तेव्हा कळलं. म्हणजे मुंग्यांच्या मधून जेवढ्या दिसल्या तेवढ्या.

मृदुला ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "चार वाजता येणार आहेत सगळ्या."

मी कणसांची पिशवी खाली ठेवली.

"मला एकदाच, एकदाच तिच्यासमोर मान खाली घालायची नव्हती हो. लहानपणापासून तिचंच घर, तिचंच खरं. आज म्हटलं माझ्या घरात..."

मला फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांत मी तिच्या किती गोष्टी दुरुस्त करायला घेतल्या आणि कशा करून ठेवल्या, ते सगळं डोळ्यांसमोर आलं. "माझंच चुकलं गं," मी म्हणालो. "मी आता जाऊन मिठाई घेऊन येतो."

"मिठाई ती झाकणावरून ओळखेल," मृदुला म्हणाली. मग तिचं लक्ष माझ्या काखांकडे गेलं. डांगराचा एक तुकडा मिशांसकट तिच्याकडे बघत होता. तिने पदराने डोळे पुसले. "इकडे आणा ते," ती म्हणाली. "आणि समोर जाऊन आम्रपालीला हाक मारा. म्हणावं मोठी कढई घेऊन ये."

पुढच्या वेळात त्या स्वयंपाकघरात मला प्रवेश नव्हता. मी दारातून बघत होतो. डांगराच्या मिशा सालीसकट गेल्या. किसाचा ढीग झाला. मक्याचे दाणे सोलले. बाजरी भाजून, पाखडून भरडली. आम्रपालीवहिनींनी त्यांच्या आईने मराठवाड्यातून पाठवलेला काळा मसाला आणला. मृदुला म्हणाली गूळ घालते. वहिनी म्हणाल्या तिखटच करा. मृदुला म्हणाली ताईंना गोड लागतं. वहिनी म्हणाल्या, "म्हणून तर!" दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग दोन्ही घातलं. वरून काहीतरी आंबट, काहीतरी कुरकुरीत. एकीने चव घेतली, दुसरीने घेतली, दोघींनी भुवया वर केल्या. काय झालंय ते दोघींनाही माहीत नव्हतं. पण वाईट झालं नव्हतं.

चारला ताई आल्या. बरोबर पाच-सहा मैत्रिणी. मी दारात स्वागताला उभा होतो. मागे पूर्णपणे मोकळी भिंत होती. ताईंनी लिफ्टमधून बाहेर येऊन पॅसेजभर नजर फिरवली. 

"अगंबाई, किती स्वच्छ गं तुमच्याकडे!" ताई म्हणाल्या. "आणि किती मोकळं! हल्ली लोक दारात काय काय टांगून ठेवतात ना, ताटं काय, भोपळे काय. मला तर जीव गुदमरतो. मधुसूदनराव, तुमची दृष्टी चांगली आहे हो."

मी मान लववली. दुसरं काय करणार? मृदुलाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, पण तिच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला मागून दिसलं. तिच्या दोन गोष्टींपैकी पहिली साहेबरावांनी पार पाडली होती.

पाटावर हत्ती काढला, फेर धरला. मृदुलाने आम्रपालीवहिनींनाही हाताला धरून फेरात ओढलं. बायकांच्या आवाजाने खालचे वरचे सगळे दारात येऊन उभे राहिले. बाकीच्यांच्या खिरापती ताईंनी झटपट ओळखल्या. मग मृदुलाचा डबा आला.

ताईंनी तो कानाशी धरला, हलवला. आवाज नाही. पुन्हा हलवला.

"नारळाची वडी?"

"नाही."

"गोड की तिखट?"

"दोन्ही."

"दोन्ही कसं असेल? शंकरपाळी?"

"नाही."

"घारगे! वास येतोय मला भोपळ्याचा."

"भोपळा आहे. घारगे नाहीत."

मग ताईंनी चंग बांधला. पुण्यात होणारे पदार्थ संपले, मग कोकणातले घेतले, मग त्यांच्या सूनबाईंच्या माहेरचे नागपुरी. बाकीच्या बायकाही सरसावल्या. मृदुला प्रत्येकीला शांतपणे "नाही" म्हणत होती, आणि प्रत्येक "नाही"ला तिची मान थोडी थोडी वर जात होती. शेवटी ताई डबा खाली ठेवून म्हणाल्या, "हरले बाई."

खोलीत टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात मीच वाजवल्या असतील.

झाकण उघडलं. ताईंनी एक घास घेतला, थांबल्या, दुसरा घेतला. मग वाटीच मागितली. "हे आहे तरी काय? नाव काय याचं?"

मृदुलाने आम्रपालीवहिनींकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सजावट," ती म्हणाली.

"सजावट? असा पदार्थ मी तर कधी ऐकला नाही."

"आमच्या इकडे करतात," मृदुला म्हणाली.

ताईंनी मान डोलावली आणि आणखी वाढून घेतलं.

निघताना ताई लिफ्टपाशी थांबल्या. चपला घालत, मृदुलाकडे न बघता म्हणाल्या, "पुढच्या वर्षीही माझं घर काही होत नाही बघ. आणि झालं तरी या सगळ्या म्हणताहेत तुझ्याकडेच यायचं. ती सजावट खायला." मग जरा थांबून म्हणाल्या, "नाइलाज आहे."

लिफ्ट खाली गेली. मृदुला दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि मोठ्याने हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने माझा हात धरला. असा तिने तो बऱ्याच दिवसांत धरला नव्हता. मलाही भरून आलं. मी म्हणालो, "मृदुला, पुढच्या वर्षी मी ना, पेंढ्याचा एक खराखुरा हत्ती..."

"थांबा," ती म्हणाली. आत गेली, टेबलाच्या खणातून उरलेला एक लाल टॅग घेऊन आली आणि तो माझ्या शर्टाच्या बटणाला घट्ट गाठ मारून बांधला. मागची बाजू कोरी होती.

तेवढ्यात जिन्यावर साहेबरावांची पावलं वाजली. ते वर आले, त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावरून टॅगवर गेली आणि तिथेच थांबली. मी तडक घरात गेलो आणि आतून कडी लावली.